सात कोटी हेक्टर

शिक्षककक्षात राजकारण बोलू नये असा नियम आमच्या शाळेत कधीच नव्हता, आणि असता तरी तो कोणी पाळला नसता. माझे मुख्य काम धर्मग्रामाचे. परंतु अध्यापनाची पदवी गाठीशी असल्यामुळे आणि इतिहासाच्या शिक्षकाची जागा भरली जात नसल्यामुळे आठवड्यातील काही तास मी वसई तालुक्यातील एका अनुदानित हायस्कुलात शिकवतो. शाळा अनुदानित, म्हणजे सर्वांचा पगार शासनाकडून येतो. फादरला खूष ठेवण्याची गरज तेथे कोणालाच नाही. हे एका अर्थाने वरदानच आहे. धर्मग्रामात माझे म्हणणे लोक मान खाली घालून ऐकतात आणि बाहेर पडल्यावर आपापले मत बोलतात. शिक्षककक्षात मात्र ते माझ्या तोंडावर बोलतात.

मधल्या सुट्टीतील या वादांची एक ठरलेली रीत आहे. आरंभ बातमीने होतो, मध्यावर कोणीतरी मोबाइल पुढे करतो आणि शेवट घंटेने होतो. पूर्वी वाद वर्तमानपत्रावरून होत असत, आणि निदान पत्र तरी एकच असे; सगळेजण त्याच्याच मजकुरावर भांडत. आता प्रत्येकाच्या खिशात वेगळे पत्र छापले जाते. तरीही मला वाटते की दोष केवळ यंत्राचा नाही. माणूस पुरावा कशाला म्हणतो, कोणाच्या हातून आला म्हणजे तो स्वीकारतो आणि कोणाच्या हातून आला की झिडकारतो, हा प्रश्न मोबाइलपेक्षा फार जुना आहे.

एप्रिल २०२५ मधील गोष्ट सांगतो. संसदेत वक्फ दुरुस्ती विधेयक नुकतेच संमत झाले होते. त्याच सुमारास एका साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर लेख आला की भारतातील कॅथलिक ख्रिस्तसभेकडे ७ कोटी हेक्टर, म्हणजे १७.२९ कोटी एकर जमीन आहे. लेख पुढे काढून टाकण्यात आला. परंतु एकदा सुटलेला आकडा माघारी येत नाही. आमच्या शिक्षककक्षात तो आला तेव्हा वार्षिक परीक्षेचे पेपर तपासणे चालू होते. आणला तो गणिताच्या सरांनी.

या सरांविषयी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत, नाहीतर वाचकांच्या मनात भलतेच चित्र उभे राहील. ते माझ्याहून थोडे लहान. गेली कित्येक वर्षे आदिवासी पाड्यांवरील दहावीच्या मुलांना संध्याकाळी विनामूल्य गणित शिकवतात, आणि पावसाळ्यात ते वर्ग आमच्या चर्चच्या सभागृहात भरतात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, रात्री-अपरात्री ऑक्सिजनचे सिलिंडर मिळवून ते स्वतःच्या गाडीतून पोहोचवत होते. त्यांतील काही घरे माझ्या धर्मग्रामातील होती. जात-धर्म पाहून माणसाला मदत करावी हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. अशा माणसाच्या तोंडी तो आकडा होता.

मी त्यांना म्हटले, “सर, तुम्ही गणिताचे. आपण हा आकडा फळ्यावर मांडू या.” भूगोलाचे पुस्तक टेबलावरच होते. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ कोटी हेक्टर. त्यांतील ७ कोटी म्हणजे एकपंचमांशाहून अधिक देश. महाराष्ट्र सुमारे ३.०८ कोटी हेक्टरांचा, आणि क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठे राज्य राजस्थान सुमारे ३.४२ कोटींचा, ही दोन्ही राज्ये, त्यांतील डोंगर, वाळवंट, धरणे आणि मंत्रालयासकट आम्हांला दिली, तरी ७ कोटी भरत नाहीत. गोव्यासारखी १९० च्या आसपास राज्ये लागतील. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात सर्व पंथांचे मिळून २.७८ कोटी ख्रिस्ती होते. म्हणजे पाळण्यातील बाळापासून आजीपर्यंत दरडोई सहा एकरांहून अधिक जमीन. आमच्या वसईत सहा गुंठ्यांच्या वाडीवरून तीन भावांची बोलाचाल बंद होते, हे सरांनाही ठाऊक आहे!

सरांनी आकडेमोड तपासली. ती बरोबर होती. तसे ते म्हणालेही. मग क्षणभर थांबून म्हणाले, “आकडा थोडाफार मागेपुढे असेल फादर. मुद्दा आकड्याचा नाहीच. तुमच्याकडे जमीन खूप आहे हे सगळ्यांना माहीत आहे.”

या उत्तरावर रागावणे सोपे होते. विज्ञानाच्या बाई रागावल्याही. मला मात्र त्या वाक्याची रचना पाहून सेमिनरीतील तर्कशास्त्राचा वर्ग आठवला. आम्हांला शिकवले होते की आधारविधान कोसळले की निष्कर्षही कोसळतो. येथे आधार फळ्यावर कोसळला होता आणि निष्कर्ष जागचा हलला नव्हता. याचा अर्थ इतकाच की तो निष्कर्ष त्या आधारावर उभा नव्हताच. आकडा हा खांब नव्हता, खांबाला गुंडाळलेली माळ होती. माळ तोडून इमारत पडत नसते.

मग इमारत कशावर उभी होती? सरांनी ते पुढे आपण होऊनच सांगितले, आणि मी ते ऐकून घेतले याचे मला समाधान आहे. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांना मिशनच्या एका शाळेत मुलासाठी प्रवेश नाकारण्यात आला होता. दारातला उंच दगडी दरवाजा, आत विस्तीर्ण मैदान, आणि बाहेर उन्हात उभे असलेले वडील. ते मैदान त्यांच्या मनात आजही वाढतेच आहे. ७ कोटी हेक्टर हे त्या मैदानाचेच क्षेत्रफळ आहे.

कार्डिनल न्यूमन यांनी ‘ग्रामर ऑफ असेंट’ या १८७० च्या ग्रंथात केवळ कल्पनेला दिलेली संमती आणि प्रत्यक्ष वास्तवाला दिलेली संमती असा भेद केला आहे. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेसाठी आम्ही तो पाठ केला होता. त्याचा अर्थ मला शिक्षककक्षात उमगला. भूगोलाच्या पुस्तकातील ३२.८७ कोटी हा आकडा सरांना मान्य होता, पण तो डोक्याने मान्य होता. वडिलांचा घामेजलेला सदरा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

परंतु येथेच थांबून “ज्याची त्याची वेदना, ज्याचे त्याचे सत्य” असे म्हणणे मला मान्य नाही. अलीकडे ही उदारता फार बोकाळली आहे. वेदना खरी असते. तिच्यावर चढवलेला आकडा खोटा असू शकतो. आणि त्या आकड्याचे परिणाम वेदना सोसणाऱ्याला नव्हे, तिसऱ्यालाच भोगावे लागतात. आमच्या दफनभूमीला लागून सात गुंठ्यांची जागा आहे. एका कुटुंबाने अनेक वर्षांपूर्वी बक्षीसपत्राने ती चर्चला दिली. जुनी दफनभूमी अपुरी पडू लागल्याने तेथे कुंपणाची भिंत घालावी असे ठरले, तोच शेजारच्या आळीतून हरकत आली: चर्च जमिनी गिळत सुटले आहे. ती आळी गणिताच्या सरांची. लोक सल्ला विचारायला त्यांच्याकडेच जातात. म्हणजे दोन राज्यांएवढ्या काल्पनिक जमिनीपायी सात गुंठ्यांची खरी जमीन अडली, आणि आपल्या माणसाला कोठे ठेवायचे हा प्रश्न घेऊन लोक माझ्या दारी येऊ लागले.

दुसरा वाद जनगणनेचा. “तुमची संख्या सारखी वाढते आहे,” हे वाक्य आपल्यापैकी नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असेल. १९७१ मध्ये देशाच्या लोकसंख्येत ख्रिस्ती २.६ टक्के होते. २००१ मध्ये २.३ आणि २०११ मध्येही २.३. महाराष्ट्रात २०११ साली सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरांत एकही नाही. हे मी सांगताच इंग्रजीचे सर म्हणाले, “धर्मांतरित लोक जनगणनेत हिंदूच लिहितात. तुमचा पुरावाच खोटा.”

यावर आपले लोक सहसा हात झटकतात: ज्याला आकडाच मान्य नाही त्याच्याशी काय बोलायचे? पण या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, आणि तो आपण अगोदर बोलून दाखवला पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती दलितांना तो आजही नाही. ज्याच्या मुलाची शिष्यवृत्ती एका शब्दावर अवलंबून आहे, त्याने प्रगणकापुढे तो शब्द गिळला, तर त्यात नवल ते काय? तेव्हा २.३ हा आकडा काही प्रमाणात कमी असू शकेल, हे मी मान्य केले. मात्र “काही प्रमाणात” आणि “हवा तेवढा” यांत अंतर आहे, आणि ते मोजण्याचे मार्गही आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण ख्रिस्ती समाजात १.८८ आढळले, हिंदू समाजात १.९४. एवढ्या अपत्यसंख्येने कोणताही समाज फुगत नाही. शिवाय आमची नोंदवही आहे. ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये स्नानसंस्काराची आणि विवाहाची नोंद ठेवणे प्रत्येक धर्मग्रामावर बंधनकारक केले. मृत्यूची नोंद १६१४ च्या विधिग्रंथाने त्यात आली. मी सरांना म्हटले, “या, वही पाहा. नाव, आईबाप, धर्ममातापिता, धर्मगुरूची सही. किती बाळे आली आणि किती माणसे गेली ते स्वतः मोजा.”

तेवढ्यात गणिताच्या सरांनी आपला पत्ता टाकला. अरुणाचल प्रदेशात २००१ साली १८.७ टक्के ख्रिस्ती होते, ते २०११ मध्ये ३०.३ टक्के झाले. मणिपूरमध्ये ३४ वरून ४१ वर गेले. “हे खरे की खोटे?” मी म्हटले, “खरे आहे.” शिक्षककक्ष शांत झाला. मी आकडा नाकारीन, निदान फाटे फोडीन, अशी सर्वांची अपेक्षा असावी. विज्ञानाच्या बाई तर डोळ्यांनी मला खुणावत होत्या. पण जो आकडा आपल्या बाजूचा असतो त्याला पुरावा म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूच्या आकड्याला अपप्रचार, हा धंदा मी दुसऱ्यांना करू देत नाही, तर स्वतः कसा करू? ईशान्येतील ती वाढ कशी झाली यावर आम्ही पुढे दोन दिवस भांडलो. ते भांडण चांगले होते. कारण ते घडलेल्या गोष्टीविषयी होते.

संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या आरंभीच एक पूर्वअट घातली आहे: दुसऱ्याच्या विधानाला दोष देण्याआधी त्याचा चांगला अर्थ लावण्याची तयारी ठेवावी, तसा अर्थ लागत नसेल तर तुम्हांला काय म्हणायचे आहे हे त्यालाच विचारावे, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. पुष्कळ लोक पहिला भाग उद्धृत करतात आणि शेवटचा विसरतात. सुधारावे असेही संतांनी म्हटले आहे. मध्ययुगीन विद्यापीठांतील वादसभेची शिस्तही अशीच होती; उत्तर देण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे पुन्हा मांडायचे. सेमिनरीत आम्हांला तो वेळकाढूपणा वाटे. आता मी शिक्षककक्षात तेच करतो: “सर, तुमचे म्हणणे असे असे आहे ना?” अर्धे वाद तेथेच निवळतात, कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर आपले वाक्य कसे वाजते ते माणसाला कळते.

परंतु सरांचे कान खऱ्या अर्थाने माझ्याकडे वळले होते ते यापूर्वीच, वेगळ्याच प्रसंगाने, आणि तो घडला आपल्याच लोकांत. २०२४ च्या मे-जून महिन्यांत लोकसभेच्या निवडणुकीत राज्यातील ४८ पैकी ३० जागा विरोधी आघाडीला मिळाल्या. आमच्या धर्मग्रामातील पुष्कळांना आनंद झाला, आणि मतदानयंत्राविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा सत्ताधारी युतीने जिंकल्या, आणि त्याच रविवारपासून मिस्सेनंतर पायऱ्यांवर एकच विषय: यंत्रात गडबड आहे. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून पाहण्याचा घाट घातला, प्रशासनाने तो होऊ दिला नाही, आणि संशयाला आणखी खतपाणी मिळाले. ते करू न देणे मला शहाणपणाचे वाटले नाही. पण पायऱ्यांवर मी विचारले, “सहा महिन्यांपूर्वी हीच यंत्रे प्रामाणिक होती काय?” सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रांच्या कागदी चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून पाहतात, या निवडणुकीत राज्यभर १,४४० ठिकाणी तसे केले आणि तफावत आढळली नाही, असे निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. एक तरुण, शिकलेला, मुंबईत बँकेत नोकरी करणारा, म्हणाला, “फादर, ते जाहीर करणारेही त्यांचेच.”

मला इंग्रजीचे सर आठवले. तेच वाक्य, तीच चाल. फक्त खुर्च्या बदललेल्या. मी त्याला विचारले, “कोणता पुरावा मिळाला तर तुझे मत बदलेल, तेवढे सांग. तो आपण मागू.” त्याला सांगता येईना. पाचाऐवजी पन्नास केंद्रे मोजा अशी मागणी त्याने केली असती तर मी त्याच्या अर्जावर सही केली असती. मतदारयाद्यांतील नावांविषयी बोलला असता तर याद्या घेऊन बसलो असतो. कारण तपासता येण्याजोगी शंका हा नागरिकाचा धर्म आहे. कशानेच न फिटणारी शंका मात्र शंका राहत नाही, तीच श्रद्धा बनते. आणि श्रद्धेविषयी मला थोडेफार कळते म्हणून सांगतो, ती फार हीन प्रतीची श्रद्धा असते. संत थोमाने पुरावा मागितला आणि प्रभूने तो दिला. जखमा पाहिल्यावर थोमाने आणखी जखमा मागितल्या नाहीत.

या प्रसंगाने काही भाविक नाराज झाले. दोघांनी महिनाभर मला टाळले. पण पायऱ्यांवरचा हा वाद गावभर झाला, तसा तो सरांच्या कानीही गेला. सोमवारी ते फक्त एवढेच म्हणाले, “तुम्ही स्वतःच्या लोकांशीही असेच भांडता तर.” न्यायालयात साक्षीदार स्वतःच्या हिताविरुद्ध बोलला की त्याच्या साक्षीचे वजन वाढते. आपण मात्र शेजाऱ्याने त्याच्या घरच्यांविरुद्ध साक्ष द्यावी अशी अपेक्षा करतो आणि आपल्या घरच्यांना अडवत नाही.

सरकारी आकडा कधीच खोटा नसतो असेही मी म्हणत नाही, आणि ते सरांनाही ठाऊक आहे. २०२०-२१ या दोन वर्षांत कोविडमुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे भारतात ४७ लाख अधिक मृत्यू झाले असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिला, तेव्हा त्या दोन वर्षांचा शासनाचा अधिकृत आकडा पाच लाखांच्या आत होता, आणि शासनाने तो अंदाज फेटाळला. पुढे मे २०२५ मध्ये शासनाच्याच जन्ममृत्यू नोंदणीत दिसले की २०२१ साली १.०२ कोटी मृत्यूंची नोंद झाली; आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २१ लाखांनी अधिक. हा आकडा मी शिक्षककक्षात वाचला तेव्हा कोणी वाद घातला नाही. त्या दोन महिन्यांतील आमच्या मृत्युनोंदवहीची पाने सरांनी पाहिली आहेत. त्यांतील काहींना शेवटचे सिलिंडर त्यांनीच पोहोचवले होते.

दफनभूमीच्या जागेची मोजणी गेल्या हिवाळ्यात झाली. त्यापूर्वी सर आणि मी तलाठी कार्यालयात जाऊन सातबारा आणि फेरफार पाहून आलो. “सातबारेही बनवता येतात,” असे ते जाताना म्हणाले होते. येताना काही बोलले नाहीत. मोजणीच्या दिवशी ते आळीतील चारजणांना घेऊन आले, हद्दीच्या खुणा स्वतः तपासल्या, एका कोपऱ्यातील खुणेवर दुरुस्ती सुचवली (ती योग्य होती, आमची दोन फूट जागा कमी झाली), आणि पंच म्हणून सही केली. हरकत मागे घेतली गेली. भिंतीचे काम पावसापूर्वी संपवायचे आहे.

जनगणना लवकरच होईल. कोविडमुळे लांबलेल्या २०२१ च्या गणनेऐवजी १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिनांक ठरला आहे, आणि आमच्या शाळेतील काही शिक्षकांना प्रगणकाचे काम लागेल. आकडे गोळा करणारे आपलेच सहकारी असतील, तेव्हा त्या आकड्यांवर कोण किती विश्वास ठेवतो ते पाहण्यासारखे असेल. गणिताच्या सरांनी ७ कोटींचा आकडा अद्याप पूर्णपणे सोडलेला नाही. परवा चहाच्या वेळी म्हणाले, “ठीक आहे फादर, ७ कोटी नसतील. पण निम्मे तरी असतीलच.” मी म्हटले, “साडेतीन कोटी. अजूनही अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठे.” त्यांनी खिशातून पेन काढले आणि वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडायला घेतला.